पेढ्याबरोबर वाटलेलं नाव

वहिनी,

तू गेल्याची बातमी पेपरात मी दिली. आपल्या घरात लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीच्या पूजेचं निवेदन आणि कुणी गेलं की काळ्या चौकटीतली जाहिरात, ही तिन्ही खाती माझ्याकडे. शाळेत कधीतरी निबंधाला बक्षीस मिळालेलं, त्याची शिक्षा घर अजून भोगतंय. दादा त्या सकाळी गॅलरीत तुझ्या वेताच्या खुर्चीत बसून होता. मी मजकूर वाचून दाखवला. त्याने मान हलवली. मी ती पसंती समजलो. आता वाटतं, त्याला ऐकूसुद्धा आलं नसेल.

मजकूर मला तर झकास वाटलेला. 'डॉ. सौ. अनघा', पुढे आपलं आडनाव, मग 'प्रेमळ, मनमिळाऊ, विद्याव्यासंगी'. हा 'विद्याव्यासंगी' शब्द मी खास ठेवणीतला काढला होता. खाली शोकाकुल म्हणून दादा, मी, कल्पना, आमची मुलं; आणि माझ्या नावापुढे माझं पद. होय, वहिनी. तुझ्या मृत्यूच्या जाहिरातीत मी माझं पद घातलं. औषधकंपनीच्या पॅकिंग विभागात लेबलं तपासणाऱ्या माणसाच्या पदात एवढं काय आहे, असं तू विचारलं असतंस, आणि हसली असतीस.

कल्पना तेव्हा शेजारी उभी होती. म्हणाली, "वहिनींचं माहेरचं नाव घालायचं ना? लोक घालतात."

चौकट भरत आलेली. मी म्हटलं, "माहेरी आता वाचायला आहे कोण?"

हे वाक्य मी उच्चारलं, ते बरोबरही होतं, आणि त्याची लाज मला आता जन्मभर पुरेल. ती कशी, तेच सांगायला बसलोय. तू ऐकून घेशील. माझं सगळं ऐकून घेणारी या घरात तू एकटीच होतीस. बाकीचे हसायची जागा आली की हसतात आणि मध्ये मोबाइल बघतात.

तुझं नाव ठेवल्याची गोष्ट मी आजवर किती लग्नांत, बारशांत, डोहाळजेवणांत सांगितली असेल. तू प्रत्येक वेळी समोर असायचीस. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडाच्या खोलीत चर्चा चाललेली, नवरीचं नाव काय ठेवायचं. दादा म्हणाला, "हेमलता आहे की. चांगलं नाव आहे." तर आत्या म्हणाली, "असं कसं? मग ताटात तांदूळ पसरून त्यात लिहायचं काय?" तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून नाव बदलायचं ठरलं. आत्याने सगळ्यांकडे बघितलं आणि मी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला, मिशी फुटू घातलेला, पटकन म्हणालो, "अनघा." दादाने दुसऱ्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं. तू वाकून बघितलंस. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत काहीतरी वेगळंच उगवलंय आणि ते आधी नीट बघून घ्यावं, असं बघितलंस. मग "छान आहे" म्हणालीस. आम्ही पेढे वाटले. वऱ्हाडातली माणसं पेढा तोंडात टाकून "अनघा, अनघा" म्हणत पंगतीला बसली.

गोष्ट मी इथे संपवायचो. पुढचा भाग फक्त तुला ठाऊक होता. दोनच महिन्यांनी तू स्वयंपाकघरात मला चहा ओतून देताना विचारलंस, "ती अनघा कोण हो, भाऊजी?"

"कोण अनघा? तूच की."

"माझ्याआधीची."

चहा माझ्या पायावर सांडला. आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची ती. मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो, तिला माझं नावही माहीत नसावं. जे धाडस तिच्यापुढे झालं नाही ते मी तुझ्या ताटात करून घेतलं. तू फडकं आणून दिलंस आणि हा विषय पुन्हा काढला नाहीस. दादापाशीसुद्धा नाही. मी तुला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणत आलो, तू मला शेवटपर्यंत "भाऊजी" आणि "तुम्ही". आणि गंमत बघ, मी तुला हाक मारायचो ती "वहिनी" अशी. ज्या नावाचा मी जन्मभर टेंभा मिरवला ते माझ्या तोंडी कधी आलंच नाही.

लग्नानंतर तू वर्षभर तुझ्या आधीच्याच संशोधन संस्थेत जात होतीस. मग आईला झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. नोकरी सोड असं तुला कुणी म्हटलं नाही. कुणाला तसं म्हणावंच लागलं नाही. दादाची नोकरी, माझा अभ्यास, आत्याची गुडघेदुखी असं सगळं आपापल्या जागी मांडून झाल्यावर आईच्या खाटेशेजारी एकच जागा रिकामी उरली, आणि तिथे तू बसलीस. आई गेली तेव्हा तुझ्या केसांत पांढरं दिसायला लागलेलं. आणि रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे तू अनघा झालेली होतीस.

त्यानंतर आपल्या मागच्या गल्लीतली ती जुनी इमारत बसली. वाचलेल्या कुटुंबांना पालिकेच्या शाळेत ठेवलेलं. सगळ्या गल्लीने चादरी दिल्या, डबे दिले आणि आठवड्याभरात गल्ली थकली. तू जात राहिलीस. घरी येऊन सांगायचीस, एक बाई खोलीचं दार लावू देत नाही, एक माणूस भिंतीला टेकून बसत नाही. "भिंतीवर त्याचा विश्वासच राहिला नाही, भाऊजी." मग तू मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केलास. आम्हाला वाटलं, बाईला विरंगुळा. तू एम.ए. झालीस, मग डॉक्टरेट, मग कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि तुझे लेख छापून येऊ लागले. मोठा आघात सोसलेल्या माणसांवर पुन्हा संकट आलं की त्यांचं काय होतं, यावर.

एकदा मटार सोलताना तू मला समजावलं होतंस की तुमच्या दुनियेत माणसाची किंमत कशी लावतात. आपल्या लेखात कुणी दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला की खाली त्याचं नाव द्यावं लागतं. असं किती जणांनी आपलं नाव दिलं, ते इंटरनेटवर प्रत्येक संशोधकाच्या पानावर दिसतं. मी म्हटलं, "म्हणजे उखाणा. नाव घ्यायचं." तू एवढी हसलीस की मटार कॉटखाली गेले. आणि मग म्हणालीस, "मग आमची गंमत ऐका. लोक अजून हेमलताचंच नाव घेतात. अनघाचं कोण घेणार!"

तेव्हा मला कळलं की तुझी पानं दोन आहेत. हेमलताचं एक. त्यात यीस्टवरचे जुने लेख, म्हणजे ते पाव फुगवतं ते यीस्ट. ते लेख जगभरातले लोक अजून वापरतात. आणि अनघाचं दुसरं, आघात सोसलेल्या माणसांवरचं. ते मोजके लोक वाचतात. नाव वेगळं, आडनाव वेगळं, विषय वेगळा. ही एकच बाई आहे असं यंत्राला कळायचं काही कारणच नाही. कॉलेजच्या मुलाखतीत तुला विचारलं म्हणे, "मॅडम, सुरुवातीला एवढा उशीर का?" तू जुने लेख दाखवलेस तर म्हणाले, हे दुसऱ्या कुणाचे दिसतात.

हे तू घरी हसत सांगितलंस आणि मी पुढच्याच बारशात त्याची गोष्ट केली: "आमची वहिनी बेचाळिसाव्या वर्षी जन्मली." काय हशा पिकला. तूही हसलीस. मी तुझ्याकडे बघितलं होतं का तेव्हा? मी हशाकडे बघत होतो.

आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं. तुझा तो यीस्टचा प्रयोग मला फार आवडायचा, कारण तो मला समजायचा. यीस्टला आधी जरा कोमट गरमी द्यायची, मग कडक. ज्याला आधी चटका बसलेला असतो ते दुसऱ्या, मोठ्या चटक्यात तगतं. जे सुखात वाढलेलं असतं ते मरतं. मी चारचौघांत सांगायचो, बघा, विज्ञानाने सिद्ध केलंय, सोसलं की माणूस घट्ट होतो. तू दर वेळी थांबवायचीस. "भाऊजी, यीस्ट घट्ट होतं. माणूस होत नाही. दुसऱ्या चटक्याला तो जास्त भाजतो. माझं सगळं काम तेवढंच आहे आणि तुम्ही लोकांना नेमकं उलटं सांगता." मी म्हणायचो, "पण ऐकायला बरं वाटतं ना." त्यावर तू एकदा म्हणालीस, "अगदी असंच म्हणणारं आणखी एक माणूस होतं." कोण, ते मी विचारलं नाही. माझ्यासारखं बोलणारं दुसरं कुणी असेल, यावर माझा विश्वासच नव्हता.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. बोलायला अर्थातच मी उभा राहिलो. आणि काय बोललो असेन? यीस्ट. कोमट चटका, कडक चटका, सासूचं आजारपण, सुटलेली नोकरी, आणि त्यातून घट्ट झालेली आमची वहिनी. बायकांनी डोळे पुसले. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सभा संपल्यावर तुझी विद्यार्थिनी स्नेहल माझ्याजवळ आली. ठाकुर्लीला राहते ती, आता स्वतः प्राध्यापक आहे, तुझ्या शेवटच्या दोन लेखांवर तुझ्याबरोबर तिचंही नाव आहे. फार सौम्य आवाजात म्हणाली, "काका, मॅडम याच्या विरुद्ध लिहायच्या."

मी म्हटलं, "हो, माहितेय मला."

माहीत नव्हतं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. माहीत असून तुझ्या फोटोसमोर, तुझ्या माणसांसमोर मी तुझं म्हणणं उलटं करून सांगितलं होतं, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

स्नेहलला तुझी दोन्ही पानं एक करायची होती. हेमलता आणि अनघा एकच, असं घरच्यांनी लिहून दिलं की होतं म्हणाली. शिवाय तिला तुझ्यावर लेख लिहायचा होता आणि तुझ्या यीस्टच्या दिवसांबद्दल सांगणारं कुणी हवं होतं. त्या जुन्या प्रत्येक लेखावर तुझ्याबरोबर एकच नाव होतं: लिडिया. ती सापडत नव्हती, कारण लग्नानंतर तिचंही आडनाव बदललं आणि ती मस्कतला गेली. तुमच्या संस्थेतल्या निवृत्तांचा एक ग्रुप आहे, तिथे स्नेहलने विचारलं तेव्हा कळलं की लिडियाबाई गेल्याच वर्षी कायमच्या परत आल्यात आणि बाळकुमला मुलीकडे राहतात. आपल्या डोंबिवलीपासून ते काही लांब नाही, वहिनी.

स्नेहलने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की हेमलताच्या घरचे भेटायला येतायत, जुन्या पेपरांबद्दल. तू गेल्याचं त्यांना माहीत असणार, असं ती धरून चाललेली. मीही. पेपरात दिलं होतं ना.

रविवारी दुपारी तिच्या गाडीतून निघालो. माजिवड्याला नेहमीसारखे अडकलो, तेवढ्यात मी स्नेहलला पेढ्यांची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. मला वाटलं, ट्रॅफिकमुळे.

दार एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. फुलाफुलांचा इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात क्रॉस, केस नुकतेच विंचरलेले. चेहरा नुसता फुललेला. "हेमच्या घरचे ना? या, या," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे लिफ्टकडे बघायला लागल्या. "आणि ती कुठे राहिली? खाली गाडी लावतेय काय?"

मी जन्मभर बोलत आलेला माणूस. कुठल्याही प्रसंगाला मजकूर तयार. त्या दारासाठी माझ्याकडे मजकूर नव्हता. आत टीपॉयवर पांढऱ्या कपबशा मांडलेल्या दिसत होत्या. बाजूला केक कापून ठेवलेला. स्नेहलने माझा दंड धरला.

मी म्हटलं, "वहिनी वारली हो. पंधरवडा होऊन गेला."

दाराजवळ चपला घालायला छोटं स्टूल होतं, त्यावर त्या बसल्या. मग म्हणाल्या, "आणि मला आज सांगता?"

यावर गप्प बसावं एवढीही अक्कल मला राहिली नाही. मी म्हटलं, "पेपरात दिलेलं."

"कुठल्या?"

मी सांगितलं. त्यांनी टीपॉयखालच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "हाच येतो आमच्याकडे. मी रोज वाचते ते पान. आमच्या वयाला आधी तेच वाचतात. कुठल्या नावाने दिलेलं?"

"अनघा."

"तिने कळवलेलं एकदा पत्रात, नाव बदलल्याचं. मी त्या नावाने तिला कधी हाकच मारली नाही, लक्षात कसं राहणार? आडनाव तुमचं तर दर बिल्डिंगीत एक." मग थांबल्या. "म्हणजे वाचली असेल मी. वाचून पान उलटलं असेल."

वहिनी, लेबलं तपासताना आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की बाटलीत जे आहे तेच वर लिहिलंय की नाही, एवढंच बघायचं. बाकी डिझाइन कितीही सुंदर असो. इतकी वर्षं दुसऱ्यांची लेबलं मी बिनचूक तपासली.

त्यांनी आम्हाला आत बसवलं. चहा ओतला. चार कप मांडलेले होते, तीनच भरले, चौथा उचलला मात्र नाही. न पिण्याचा हक्क आपल्याला नाही असं वाटून मी पीत राहिलो. स्नेहलने हळूहळू तुझी पुढची हकिगत सांगितली. आईचं आजारपण, ती इमारत, शाळेतली माणसं, मानसशास्त्र. लिडियाबाई ऐकत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "मला वाटलं सोडलं तिने. मी शोधलेलं तिला इंटरनेटवर. लग्नाच्या सालापाशी सगळं थांबतं. म्हटलं, झालं. लग्न झालं, संपलं."

मग काहीतरी आठवून म्हणाल्या, "मानसशास्त्र? आमच्या मागे पण लागलेली एक मानसशास्त्रवाली."

स्नेहलने कप खाली ठेवला.

"आमचा पेपर कुणी वापरला की मला ईमेल येतो. मुलीने लावून दिलंय. मस्कतला दुसरं काय काम, मी वाचायची. ही एक बाई दर दोनतीन वर्षांनी आमचा पेपर काढते आणि लिहिते, हे यीस्टचं आहे, हे माणसाला लावू नका. दर वेळी तेच. मी चिडलेली तिच्यावर. बाई, आम्ही कुठे लावलं माणसाला? एकदा चांगला खरमरीत ईमेल लिहायला घेतला, तर तेव्हाच मुलीचं बाळंतपण आलं. राहिलं ते."

स्नेहलने आपला फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर तुझं पान होतं. अनघाचं. लिडियाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेका लेखाचं नाव पुटपुटत वाचायला लागल्या. तिसऱ्या की चौथ्या ओळीवर थांबल्या.

"ही?"

स्नेहलने मान हलवली.

लिडियाबाई उठून खिडकीशी गेल्या. खाली कुणाचा तरी वाढदिवस चाललेला, स्पीकरवर गाणी. आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "लॅबमध्ये मीच म्हणायची तिला. बघ हेम, माणसाचं पण असंच असतं, सोसलं की घट्ट होतो. ती म्हणायची, आधी मोज आणि मग सांग." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कुठली मोजते? ती मोजत बसली एवढी वर्षं. आणि उत्तर मला पाठवत राहिली."

माझ्यासारखं बोलणारं ते दुसरं माणूस मला सापडलं, वहिनी.

मला आठवलं, एकदा मी तुला चिडवलं होतं, तुझे हे लेख वाचतं तरी कोण? तू शांतपणे म्हणालीस, "जिने वाचायला हवेत ती वाचत असेल." मला वाटलं, कल्पनाला उद्देशून टोमणा मारलास. घरी मी कल्पनाला सांगितलंसुद्धा, वहिनी म्हणते तू लेख वाचत नाहीस. दोन दिवस अबोला होता आमचा.

ती वाचत होती गं. तू पाठवलेलं सगळं तिला मिळत होतं. फक्त वर नाव होतं ते मी ठेवलेलं, दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं. आणि त्या नावाच्या बाईला ती ओळखत नव्हती. आणि ज्या सकाळी ती तुला शेवटची ओळखू शकली असती, त्या सकाळीही मी तेच लेबल लावलं.

परत येताना स्नेहलने मला काही ऐकवलं नाही. तिने ऐकवायला हवं होतं. कल्पनाला रात्री जेवताना सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "मी विचारलेलं." मी आमटी पुढे केली.

तुला महिना झाला त्या दिवशी लिडियाबाई डोंबिवलीला आल्या. मुलीने गाडीने सोडलं. त्यांनी तुझ्या फोटोला फुलं वाहिली, तुझी गॅलरी बघितली, कुंड्या बघितल्या. दादा त्यांच्याशी जरा बोलला. तू गेल्यापासून तो कुणाशीच धड बोलत नव्हता. त्यांनी त्याला सांगितलं की पाणी तापवायच्या यंत्राचा थर्मामीटर एकदा त्यांच्या हातून फुटला आणि तो तूच फोडलास असं तू साहेबांना सांगितलंस. दादाला हे ठाऊक नव्हतं. तुझ्याबद्दलची नवी गोष्ट त्याला पुष्कळ वर्षांनी मिळाली असेल. त्याने ती दोनदा सांगायला लावली.

स्नेहल लॅपटॉप घेऊन आलेली. दोन्ही पानं जुळलीत, असं तिने दाखवलं. यीस्टचे लेख, मग मधली ती लांब मोकळी वर्षं, आमच्या आईची वर्षं, आणि मग माणसांचे लेख. सगळं एकाखाली एक. मला वाटलं होतं आता वाद नाही. पण स्नेहल म्हणाली, "वर मोठ्या अक्षरांत एकच नाव घेतात. दुसरं खाली लहान अक्षरांत येईल. वर कुठलं घालू?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, वहिनी. सवयीने. आत्या असती तर तीही माझ्याकडेच बघत असती. या घरात नाव ठेवायचं म्हटलं की माझ्याकडे बघायचं, हे मीच इतकी वर्षं गोष्ट सांगून सांगून सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. मी खाली फरशीकडे बघत बसलो.

दादा म्हणाला, "हेमलता."

तो पुन्हा म्हणाला, "चांगलं नाव आहे. मी तेव्हाच म्हणालेलो."

"मग जरा मोठ्याने म्हणायचं ना तेव्हा," लिडियाबाई म्हणाल्या.

"आत्या होती," दादा म्हणाला.

आणि तो हसला, गं. म्हणजे हसायला गेला आणि ते मध्येच वेगळंच काही झालं. लिडियाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मी आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणलं. पाणी देण्याचं काम माझ्याकडून त्यातल्या त्यात बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेपराच्या ऑफिसात गेलो. महिना झाल्याच्या निमित्ताने पुन्हा जाहिरात द्यायची होती. चौकट तेवढीच घेतली. पहिल्या ओळीत हेमलता, माहेरच्या आडनावासकट, मग आपल्याकडचं नाव. 'विद्याव्यासंगी' काढला. यीस्टवर आणि माणसांवर संशोधन केलं, असं साधं लिहिलं. शोकाकुल लोकांत दादाच्या पुढे लिडियाबाईंचं नाव घातलं, आणि मग स्नेहलचं.

घरी कल्पनाने मसुदा वाचला. दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, तुमचं नाव राहिलं की यात."

मी म्हटलं, "जागा पुरली नाही."